पापा येतायत, पण कुणाच्या घरी?

"आजच्या आयांनो, हे चित्र बघा आणि जरा लाज वाटू द्या!" असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. वर राजा रविवर्मांचं १८९३ सालचं 'देअर कम्स पापा'. कडेवर मूल घेतलेली तरुण आई, नजर डावीकडे, चौकटीबाहेर. तिकडून मुलाचा बाप येतोय. खाली दावे: पूर्वी बाई नवऱ्याच्या घरात सुखी होती, पोटचं मूल दुसऱ्याच्या हाती देत नव्हती आणि हीच आपली सनातन कुटुंबपद्धती. काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, तोही वहिनी बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाली त्याच सकाळी. आता गप्प बसणं कठीण.

नवऱ्याचं घर? कुठलं? ही बाई म्हणजे रविवर्मांची मुलगी महाप्रभा. घराणं केरळातल्या मावेलिक्करचं, मातृवंशी. मुलं आईच्या घराण्याची, वारसा आईकडून. मुलगी सासरी नांदायला जायची नाही, नवराच बायकोकडे यायचा. खुद्द महाप्रभासुद्धा वडिलांच्या किलिमानूरची नव्हे, आईच्या मावेलिक्करची. म्हणजे ज्या घराच्या दारात या 'पापां'ची वाट पाहणं चाललंय, ते घर त्यांचं नाहीच! मग बाप हाच घराचा कर्ता असल्यासारखं चित्र का? इतिहासकार जी. अरुणिमा यांनी मलबारातली मातृवंशपद्धती इंग्रजी अमदानीत कशी बदलत गेली यावर अख्खं पुस्तक लिहिलंय आणि त्याला नाव दिलंय याच चित्राचं. आई, बाप, मूल असं आटोपशीर घर तिथे तेव्हा नव्यानं रुजत होतं. जुनी पद्धत कायद्यानं पुरती संपायला केरळात १९७५ उजाडलं. आता यात सनातन काय ते काकांनीच सांगावं.

मूल दुसऱ्याच्या हाती न देण्याचं तर बोलूच नका. याच महाप्रभेची मुलगी सेतू लक्ष्मीबाई १९०० साली, जेमतेम पाच वर्षांची असताना, त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेली. तिथेही वंश आईकडूनच चालायचा, म्हणून त्या घराण्याला मुली हव्या होत्या. पुढे १९२४ मध्ये तिनं राज्यकारभारही हाती घेतला. चूल-मूल सांभाळणाऱ्या आदर्श आईची लेक!

चित्रातली माया खोटी नाही, हे मान्य. बापानं लेकीला आणि नातवाला रंगवलंय, ते दिसतं. मोठ्या घरात मूल सांभाळायला हात पुष्कळ असायचे, हेही खरं. वहिनीकडे एक पाळणाघर आहे, तेही सहाला बंद होतं. त्यावर कुणी फॉरवर्ड काढत नाही. आणि हे चित्र काढणारे पापा? ते धाकट्या भावाला घेऊन बडोदा, मुंबई, म्हैसूर करत महिनोन्‌महिने घराबाहेर.

चित्राखाली '१८५० मधलं मराठी घर' असंही ठोकून दिलंय. बाईनं नेसलंय मल्याळी मुंडू, म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र, आणि १८५० मध्ये रविवर्मा होते दोन वर्षांचे.