इचिगो इंग्लंडला का गेली?

काल संध्याकाळी कट्ट्यावर ‘टोकियो म्यू म्यू’ या मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, उत्तरभागाचा विषय निघाला आणि चहाच्या दोन फेऱ्या झाल्या तरी तो मिटला नाही.

मूळ मालिका ‘नाकायोशी’ मासिकात २००० ते २००३ या काळात आली. तिची कथा रेइको योशिदा यांची होती आणि चित्रे मिया इकुमी यांची. जपानमधल्या ओकिनावाकडच्या इरिओमोते बेटावर जेमतेम शंभरच्या आसपास उरलेल्या रानमांजराची जनुके ज्या मुलीच्या अंगात येतात, त्या इचिगो मोमोमियाची ही सात खंडांची गोष्ट. ती संपताच २००३ मध्येच ‘आ ला मोड’ हा दोन खंडांचा उत्तरभाग एकट्या इकुमी यांनी सुरू केला. त्यात इचिगो आपला प्रियकर मासाया आओयामा याच्याबरोबर इंग्लंडला गेलेली आहे आणि नायिकेची जागा बेरी शिरायुकी या नव्या मुलीला मिळाली आहे.

आमच्यातल्या चित्रकार मित्राने बेरीची बाजू लावून धरली. “अरे, इचिगोची गोष्ट पूर्ण झाली होती. ती तिथेच असती, तर बेरी शेवटपर्यंत तिची मदतनीस ठरली असती,” असे त्याचे म्हणणे होते आणि ते मला अर्धे पटले. नायिका निघून जाते याला माझी हरकत नाहीच. तिच्या मागे राहिलेल्या जागेचे काय केले, याला आहे. मनात खळबळ उडाली की इचिगोच्या डोक्यावर मांजराचे कान उगवतात आणि आओयामाला ते दिसू नयेत म्हणून तिची जी तारांबळ उडते, तिच्यातूनच आपण तिला ओळखू लागतो. पुढे ती आपल्यासारखीच प्राण्यांची जनुके लाभून लढणाऱ्या चौघींची म्होरकी होते, ती अशी पडत-धडपडत. बेरीला मात्र अँडीजमधले रानमांजर आणि ससा अशा दोन प्राण्यांची जनुके एकदमच मिळतात, आणि संघाचे पुढारीपणही आयते हाती येते. इचिगोच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या मिंट, लेट्यूस, पुडिंग आणि झाकुरो या चौघी तिथेच असताना धुरा त्यांच्यापैकी एकीकडे का जाऊ नये? मिंटने ती उचलली असती आणि तिला ती पेलवली नसती, तर त्यातूनच एक चांगला खंड उभा राहिला असता.

“तुम्ही दोघेही मूळ मुद्दा सोडून बोलताय,” वकील मैत्रीण म्हणाली. “ज्या मुलीने स्वतःची शक्ती देऊन आओयामाचा जीव वाचवला, तिला फळ काय मिळाले, तर त्याच्याबरोबर कथेच्या बाहेर जाणे. मुलीचे प्रेम जमले की तिचे पराक्रम संपले, असे का धरून चालायचे?” यावर चित्रकाराने इचिगो उत्तरभागाच्या दुसऱ्या खंडात परत येते, याची आठवण करून दिली. येते खरी, पण आपल्याच घरी चार दिवसांसाठी आलेल्या पाहुणीसारखी, आणि मला तेच सर्वांत जास्त लागते.

मार्च २०२२ मध्ये इकुमी गेल्या आणि त्याच वर्षी जुलैमध्ये जी नवी ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका सुरू झाली, तिने पुन्हा इचिगोपासूनच आरंभ केला. वाचकांचा कौल यातूनच दिसतो, असे मी म्हणणार तोच मित्राची धाकटी बहीण, जी इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, “दादा, मी ‘आ ला मोड’च आधी वाचले. माझ्यासाठी बेरीच पहिली आहे. ती इंग्लंडहून आलेली मुलगी कोण, हेच मला कळले नव्हते.”

क्षणभर कोणीच बोलले नाही. तिचे खोडून काढण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते, म्हणून येत्या रविवारी मूळ सातही खंड घेऊन येण्याचे मी तिला कबूल केले.