स्क्रॅम्बलर आणि दुधाच्या केटल्या

अमळनेरात जुन्या गाडीला नवं रूप द्यायचं तर पैसे नंतर लागतात, आधी गल्लीची परवानगी लागते. आमच्या अंगणात अप्पांची हिरो होंडा सीडी हंड्रेड उभी असते. नावात शंभर असले तरी इंजिन 97.2 सीसीचं. तिने दुधाच्या केटल्या वाहिल्या, खताच्या गोण्या वाहिल्या, एका लग्नसराईत तर वरातीतून रुसून निघालेला नवरदेवही परत वाहून आणला. तिचा मी कॅफे रेसर करायचं ठरवलं.

कॅफे रेसर हे पन्नास-साठच्या दशकातलं लंडनचं वेड. पोरं एस कॅफेवर जमायची आणि ताशी शंभर मैल गाठायला सुटायची. त्यासाठी हँडल खाली, फूटरेस्ट मागे आणि चालवणारा टाकीवर पालथा. आमची गाडी उतारावर, वारा पाठीशी असेल तर, सत्तर किलोमीटर गाठते. शिवाय मे महिन्यात टाकीला पोट लावून धुळ्यापर्यंत जाऊन बघा, पोटावर कळण्याची भाकरी भाजून निघेल. मग बेत बदलला. स्क्रॅम्बलर! रुंद हँडल, जाड नक्षीचे टायर, उंच सायलेन्सर, सपाट आखूड सीट. इंग्लंडात चिखला-दगडांतल्या शर्यतींसाठी निघालेला प्रकार. आमच्या शेतरस्त्याला पावसाळ्यात हेच सगळं मिळतं, तेही प्रवेश फी न भरता.

मिस्तरीने मोबाइलवरचा फोटो आडवा पाहिला, उभा पाहिला. म्हणाला, "भो, ही ते अर्धीच गाडी शे. बाकीनी कोठे गई?"

बाकीची कापायची होती. मागची चेसी छाटून तिथे गोल वाकवलेला पाइप जोडायचा, म्हणजे वेल्डर हवा. आणि नेमका जून लागलेला. वेल्डरच्या दारात वखर, पांभर, ट्रॉलीचे तुटलेले हुक अशी रांग. "तुमनं काम शौकनं शे भाऊ, यासनं पोटनं," तो म्हणाला. यावर काय बोलणार? सीट काढलेली गाडी वखरांच्या रांगेत ताटकळत राहिली. अप्पा रोज मुद्दाम त्याच रस्त्याने शेतात जायचे आणि घरी येऊन काही बोलायचे नाहीत. त्यांच्या बोलण्यापेक्षा ते न बोलणं फार लागतं.

तेवढ्यात मेव्हणा आला. आरटीओच्या कागदांत मुरलेला माणूस. चहा ओठाला लावायच्या आत त्याने मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं. आरसीवर कंपनीची जी मूळ रचना नोंदलेली आहे, तिच्यात मनाने बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. म्हणजे चेसीला हात लावायचा नाही. उंच सायलेन्सरही गेला. तालुक्यातल्या नादुरुस्त वखरांनी माझी चेसी वाचवली म्हणायची.

मी निदान साडीगार्ड तरी काढू म्हटलं. स्क्रॅम्बलरला साडीगार्ड म्हणजे पैलवानाला पदर. पण आई मध्ये पडली. "मंगयवारले मंगळग्रह मंदिरले मी कशी जाऊ? तुना डोकावर बसीसन?" आणि मेव्हण्याने, तोंडात शेव असताना, केंद्रीय मोटार वाहन नियम 123 सांगितला : मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतकं मागचं चाक झाकलेलं पाहिजे, धरायला मूठ पाहिजे, पाय ठेवायला जागा पाहिजे. आईने कायद्याकडे इतक्या मायेने याआधी कधी पाहिलं नव्हतं.

उरलं काय? टायर, हँडल आणि सीटचं तपकिरी कव्हर. तेवढंच करून गाडी मार्केट कमिटीत नेली. तिथे जिकडेतिकडे तसल्याच गाड्या. जाड टायर, चिखल अडकतो म्हणून काढून टाकलेलं मडगार्ड, उन्हाने तपकिरी झालेली सीट. मालकांनी एकाही फोटोकडे न बघता हे साधलं होतं, आणि कलम 52 त्यांच्याकडे फिरकलेलंही दिसत नव्हतं.

घरी आलो तर रुंद हँडल दारातून आत जाईना. अप्पा बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली, हँडलच्या दोन्ही टोकांना एकेक केटली अडकवून पाहिली, हलवून पाहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच चेहरा खुलला.

"हाई बेस करं," म्हणाले. "आते मांगे एक कॅरियर बसाडी दे."