‘सुटेपर्यंत गप्प बसा’ हा सल्ला कैद्याचं नुकसान करतो

‘आत गेलं की हक्क संपतात. शासनाची परवानगी आणि दोन महिन्यांची नोटीस यांशिवाय जेलरवर केस होत नाही, सुटेपर्यंत गप्प बसा.’ हा मेसेज आता कैद्यांच्या घरोघरी पोहोचलाय. नवऱ्याला बरॅकमध्ये मारहाण झाली हे कळूनही ओळखीतल्या एक बाई अर्ज द्यायला तयार नाहीत. का, तर मेसेजमध्ये तसं लिहिलंय!

म्हणे आत गेलं की हक्क संपतात. मतदानाचा जातो, कच्च्या (खटला अजून चालू असलेल्या) कैद्याचाही, तेवढं खरं. बाकी खोटं. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बात्रानं दुसऱ्या कैद्याचा छळ सर्वोच्च न्यायालयाला पत्रानं कळवला. हेड वॉर्डरनं पैशांसाठी त्या कैद्याच्या गुदद्वारात दांडा खुपसला होता. न्यायालयानं ते पत्रच याचिका मानलं आणि वकील नेमून त्यांना तुरुंगात जाऊन कैद्याला भेटण्याचे, साक्षीदारांशी बोलण्याचे अधिकार दिले. डिसेंबर १९७९ च्या त्या निकालानं तुरुंगात तक्रारपेट्या ठेवायला लावल्या. एकांतकोठडीसारख्या शिक्षेवर सत्र न्यायाधीशांची नजर आली. तातडीनं अशी शिक्षा द्यावी लागली तरी न्यायाधीशांना दोन दिवसांत कळवणं बंधनकारक झालं.

‘शासनाची परवानगी लागते’ हे अर्धसत्य. ही अट घालणारं फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १९७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २१८, फक्त फौजदारी खटल्यापुरतं आहे. उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेशी, म्हणजे हक्क मोडल्यावर थेट तिथे करता येणाऱ्या अर्जाशी, त्याचा संबंध नाही. ज्याला नोकरीवरून काढायला शासनाचीच मंजुरी लागते, त्यालाच हे कवच. शिपाई-हवालदार बहुधा त्यात बसत नाहीत. वरिष्ठांच्या बाबतीत ते आडवं येऊ शकतं, मान्य. पण १२० दिवसांत शासनानं निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं आता धरलं जातं. दोन महिन्यांची नोटीस दिवाणी दाव्याला लागते, फौजदारी तक्रारीला नाही.

सगळ्यात घातक ते ‘गप्प बसा’. वळ काही दिवसांत जातात, सीसीटीव्हीचं फुटेज पुसलं जातं, पाहणारे कैदी दुसऱ्या तुरुंगात हलवले जातात. म्हणून पुढच्या तारखेलाच न्यायाधीशांना सांगायचं. हजेरी व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) असेल तर कॅमेऱ्यात चेहराच दिसतो, पाठीवरचे वळ दिसत नाहीत. प्रत्यक्ष हजर करा आणि सरकारी रुग्णालयात तपासणी करा, अशी मागणी करून ती रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, नोंदवून घ्या. तुरुंगात दाखल होतानाची वैद्यकीय नोंद मागवा. त्यात जखम नसेल तर ती आतच झाली हे दाखवता येतं. ‘तुरुंग प्रशासनानं मारलं’ असं मोघम लिहू नका. तारीख, वेळ, बरॅक, ड्यूटीवर कोण होतं, कशानं मारलं, कुठे लागलं, कोणी पाहिलं, सगळं लिहा. फुटेज जपून ठेवण्याचा आदेश त्याच अर्जात मागा.

भरपाई? बिहारच्या रुदल शाहला निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं आत ठेवलं. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ३०,००० रुपये देववले, ५,००० शासनानं आधीच दिले होते. रक्कम तुटपुंजी, पण दिवाणी दावा न लावता मिळाली.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कैद्याला आतून लिहिता येत नसेल तर बायकोच्या सहीचा अर्ज चालतो.