बारा हजारांचं पिस्तूल आणि अर्धा किलो साखर

परवा रात्री साडेदहाला आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचा मेसेज आला. "दादा, बारा हजारात मिळतंय. घेऊ का?" सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट. काळं कुळकुळीत एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा सोडणारं, खाली लाल अक्षरांत '६०० फूट प्रति सेकंद', आणि त्याखाली 'लायसन्सची गरज नाही'.

मी नेमबाजी करतो, त्यामुळे पॅरिस ऑलिंपिकपासून असे मेसेज मला नेमाने येतात. २०२४च्या जुलैअखेरीस मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ घेतलं, दोन दिवसांनी सरबज्योत सिंगच्या जोडीनं दुसरं, मग १ ऑगस्टला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये तिसरं. त्यात तो तुर्कस्तानचा यूसुफ दिकेच. साधा चष्मा, टीशर्ट, एक हात खिशात, आणि गळ्यात रौप्य. तो फोटो बघून अर्ध्या ठाण्याला वाटलं की हे आपल्यालाही जमेल. वाटू दे की. पण त्याचा जो हात खिशात नव्हता, त्या हातात काय होतं ते कुणी बघितलं नाही.

त्या मुलाला मी 'नको' एवढंच लिहिलं. त्यानं 'का?' विचारलं. मी टाइप करायला बसलो आणि अकरा वाजून गेले, तेव्हा म्हटलं इथेच लिहावं, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

लायसन्सचं आधी उरकतो. जाहिरातीत लिहिलंय ते खरं आहे. ४.५ मिलिमीटर बोअर (नळीच्या भोकाचं माप), म्हणजे ज्याला .१७७ म्हणतात ते, आणि २० जूलच्या आतली ताकद असेल तर एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यायचा आणि बिल जपून ठेवायचं. .२२चं पिस्तूल हे बंदुकीच्याच खात्यात जातं, त्याचा रीतसर परवाना लागतो, तो विषय वेगळा. आणि परवाना नाही म्हणजे गॅलरीतून कबुतरं टिपायची मुभा मिळाली असं समजणारे लोक आहेत, माझ्याच बिल्डिंगमध्ये आहेत, त्यांनी पुढचं वाचू नये.

आता ते ६०० फूट. ऑलिंपिकला जाणारं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेसाठीच बनवलेलं, छर्रा साधारण १५० मीटर प्रति सेकंद वेगानं सोडतं, म्हणजे ५०० फुटांच्या आसपास. जाहिरातीतलं बारा हजारांचं पिस्तूल वेगात दीड-दोन लाखांच्या पिस्तुलाला मागे टाकतं! समोर आहे कागद. अर्ध्या ग्रॅमचा चपट्या तोंडाचा छर्रा १० मीटरवर त्यातून आरपार जातो आणि पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल भोक पडतं. त्याच्यापुढच्या ताकदीचं करायचं काय?

मीही हेच केलं होतं. नेमबाजीच्या रेंजवर पाऊलही न ठेवता साडेनऊ हजारांचं स्प्रिंगचं पिस्तूल आणलं, नळी दुमडून स्प्रिंग ताणायची असते तसलं. ते घेऊन घोडबंदर रोडवरच्या एका रेंजवर गेलो. तिथल्या सरांनी हातात घेतलं, एकदा ताणलं, चाप दाबला, आणि काहीच न बोलता परत दिलं. मग म्हणाले, "घरी जाऊन याच्या चापाला वजन लटकवून बघा."

नियम असा की १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप ५०० ग्रॅमच्या आत सुटता कामा नये. स्पर्धेच्या आधी पंच खरोखर ५०० ग्रॅमचं वजन चापाला अडकवून पिस्तूल उभं उचलून बघतात. चांगली पिस्तुलं त्या ५००च्या अगदी काठावर लावलेली असतात.

तर नौपाड्यातलं आमचं स्वयंपाकघर. नळी छताकडे करून पिस्तूल धरलं, चापाला सुतळी, सुतळीला कॅरीबॅग, कॅरीबॅगेत अर्धा किलो साखर. काही नाही. आणखी अर्धा किलो. काही नाही. एक किलो तूरडाळ घातली, पिशवी ताणून लांब झाली, तरी ढिम्म. शेवटी वर मुठीमुठीनं शेंगदाणे टाकत गेलो तेव्हा कुठे फाटकन सुटलं. आई भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "सगळं काट्यावर ठेव आता, म्हणजे कळेल तरी." दोन किलो तीनशे.

म्हणजे बघा, पिस्तुलाचं स्वतःचं वजन एक किलो, ते एका हातावर सरळ धरायचं आणि त्याच हाताच्या एका बोटानं सव्वादोन किलो ओढायचं, पिस्तूल न हलवता. मॅच पिस्तुलात नेम धरायच्या मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंत (नळीच्या टोकावरचा उंचवटा) साधारण ३३ सेंटिमीटर असतात. माशी १ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर सरकतो. दहाचं वर्तुळ आहे ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. ३० मिलिमीटर म्हणजे दहाचा सात झाला. तुमचा नेम चुकला नाही, नजर चुकली नाही, फक्त बोटानं ओढताना माशी १ मिलिमीटर सरकली.

गंमत इथे संपली नाही. तो साखरेचा प्रयोग मी मेहुण्याला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, आठ-दहा वेळा तरी रिकामा बार काढला. स्प्रिंगच्या पिस्तुलात छर्रा नसताना बार काढायचा नसतो हे मला कोण सांगणार? छर्रा असला की त्याच्या मागे हवा दाबली जाते आणि पिस्टनला गादी मिळते. छर्रा नसेल तर पिस्टन सरळ पुढच्या भिंतीवर जाऊन आदळतो. आठवडाभरात सील गेला आणि छर्रे कागदावर खाली खाली लागायला लागले. साडेनऊ हजार, अधिक तूरडाळ.

यातून जी गोष्ट शिकलो ती मी प्रत्येकाला सांगतो आणि कुणालाही पटत नाही. नेमबाजीचा बराचसा सराव छर्र्याशिवाय होतो. घरात, पांढऱ्या भिंतीसमोर, रोज वीस-पंचवीस मिनिटं. हात उचलायचा, माशी खाचेत बसवायची, चाप दाबायचा आणि दाबताना माशी हलते का ते बघायचं. ड्राय फायरिंग म्हणतात ते हेच. मॅच पिस्तुलात त्याची वेगळी सोय असते, हवा न सोडता चाप तस्साच सुटतो. ज्या पिस्तुलात ही सोय नाही ते कितीही स्वस्त असो, माझ्या मते महाग. कारण मग रोज रेंजवर जावं लागणार, आणि संध्याकाळी घोडबंदर रोडनं रोज रेंजवर जाणं म्हणजे काय, हे ठाणेकरांना मी काय सांगू.

मग घ्यायचं काय?

पहिले सहा महिने काहीच नाही. रेंजवर क्लबचं पिस्तूल मिळतं, ते वापरा. सहा महिन्यांत निम्मे लोक सोडून देतात, आणि उरलेल्यांना आपल्या हाताला काय हवं ते कळायला लागतं. बारा हजार तोवर रेंजच्या फीला आणि छर्र्यांना घाला.

त्यानंतर माझं मत सरळ आहे: बजेट कमी असेल तर नवीन साधं पिस्तूल घेण्यापेक्षा जुनं मॅच पिस्तूल घ्या. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाउ, वाल्थर, पार्डिनी या कंपन्यांची पिस्तुलं नीट वापरली तर वर्षानुवर्षं चालतात. फाइनवेर्कबाउ ६५ हे साठच्या दशकातलं स्प्रिंगचं मॉडेल आजही लोक चालवतात, कारण त्यात धक्का हातापर्यंत येऊ नये म्हणून वरचा भाग मागे सरकायची व्यवस्था आहे. नवीनच हवं असेल तर हॅमर्लीचं एपी २० आहे. मॅच पिस्तुलांत ते खालच्या पायरीचं, पण चाप, नेम धरायची साइट, ड्राय फायर सगळं आहे, आणि वजन एक किलोच्या आत, त्यामुळे शाळकरी मुलांच्या हाताला झेपतं. सीओटू गॅसवर चालणाऱ्या पिस्तुलांच्या नादी मी लागत नाही. गॅसचा दाब तापमानावर चढतो-उतरतो, मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखालच्या रेंजवर तर विचारूच नका.

एका मित्राकडे रशियन बायकल ४६ एम आहे. दिसायला शेतीच्या अवजारासारखं. खालचा लांब दांडा एकदा पुढे-मागे केला की एका बाराची हवा भरते. हवेचा सिलिंडर नाही, वेगळा पंप नाही, प्रत्येक बाराला तोच दाब. ६० बारांच्या मॅचमध्ये दांडा ओढून हात भरून येतो हे खरं, पण शिकणाऱ्यासाठी मला याहून किफायतशीर काही दिसलेलं नाही. मागच्या पावसाळ्यात त्याच्या पंपाचा सील गळायला लागला. आम्ही जुना रबरी ओ-रिंग खिशात घालून वागळे इस्टेटला हायड्रॉलिक सीलच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं व्हर्नियर लावला, डब्यांच्या रांगेतून एक डबा ओढला, "कशाला पाहिजे?" विचारलं. मित्र म्हणाला, "पिस्तूल." त्यानं दोन सेकंद आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तीस रुपये. दोन घेऊन जा."

हा जुगाड फक्त असल्या साध्या पंपापुरता. मॅच पिस्तुलाच्या, २०० बार दाबाची हवा भरलेल्या सिलिंडरला घरी हात लावायचा नाही.

सिलिंडरवरून आठवलं. इथे मी दुसऱ्यांदा फसलो. जुनं स्टायर एलपी १० पंच्याऐंशी हजारांना मिळालं. चाप लोण्यासारखा, नळी स्वच्छ, ग्रिप, म्हणजे मूठ, हाताला जवळपास बसलेली. विकणारा गोड बोलत होता आणि मी चाप दाबून बघण्यात गुंग. घरी येऊन सिलिंडर पुसला तर त्यावर कोरलेली तारीख दिसली. या सिलिंडरांना साधारण १० वर्षांची मुदत असते आणि स्पर्धेच्या साहित्य तपासणीत ती बघितली जाऊ शकते. माझा बारा वर्षांचा होता. नवीन सिलिंडर मागवला, करांसकट सव्वीस हजार. म्हणजे ते पिस्तूल एक लाख अकरा हजारांचं होतं, मला कळायला आठवडा लागला एवढंच. तेव्हा जुनं बघायला गेलात की आधी सिलिंडर फिरवून तारीख वाचा, मग पिस्तूल हातात घ्या. हातात घेतल्यावर अक्कल चालत नाही.

हवा कुठून भरणार हेही आधी विचारा. रेंजवर मोठा सिलिंडर असेल तर प्रश्न मिटला. हातपंपानं भरणार असाल तर ओलावा गाळायचा फिल्टर हवाच. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याच्या हवेत कपडे वाळत नाहीत, ती हवा दाबून सिलिंडरमध्ये भरली तर आत पाणीच जाणार. माझ्या पिस्तुलाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्या बदलतो.

छर्र्यांचं थोडक्यात: सरावाला साधे चालतात, पण एकाच कंपनीचे घ्या. मॅचचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत येतात. आपल्या नळीला कुठलं रुचतं ते कागदावर पाच-पाच बार काढून बघायचं. त्यापलीकडे पहिल्या दोन वर्षांत डोकं लावू नका.

ने-आणीचं एक सांगायचं राहिलं. मी पेटी घेऊन लोकलनं जातो. एकदा ठाणे स्टेशनवर बॅग स्कॅनरमधून गेली आणि पडद्यावर पिस्तुलाचा आकार दिसल्यावर तिथल्या पोलिसाची मान जी वर आली! "साहेब, एअर पिस्तूल आहे, नेमबाजीचं." बिलाची प्रत, क्लबचं ओळखपत्र, सिलिंडर काढून वेगळा ठेवलेला. त्यानं सगळं शांतपणे बघितलं, मग हळूच विचारलं, "मुलीला शिकवायचं असेल तर किती खर्च येतो?" माझी गाडी गेली, पण त्याला मी हेच सगळं सांगितलं. पनवेलला सुमा शिरूर मॅडमचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे तेही सांगितलं, कारण तो राहायला खारघरला होता.

शेवटचं ग्रिपबद्दल. लाकडी ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते आणि डाव्या-उजव्या हाताची वेगळी असते. हाताला बसत नसेल तर जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायची, पुन्हा धरून बघायचं. मी माझ्या ग्रिपवर तीन रविवार घालवले, बायको म्हणते, "देवाच्या मूर्तीसारखी रंगवतोस ती." खाली तळहात टेकवायची फळी वर-खाली होते, ती आधी सैल ठेवून सुरुवात करा. करकचून आवळली की पंधराव्या बाराला अंगठ्याखाली दुखायला लागतं.

त्या मुलाला शनिवारी सकाळी रेंजवर बोलावलंय. आणि एलपी १०ची मोठ्या मापाची उजव्या हाताची ग्रिप माझ्याकडे पडून आहे, लांबी न भरलेली, कोरी. कुणाला हवी असेल तर इनबॉक्स करा. किमतीचं बघून घेऊ, पण येऊन हातात धरून बघा, कुरिअर करणार नाही.