सिंगापुरात गाडीवाचून अडतं म्हणे

गेल्या महिन्यात एकच मेसेज तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे आला. सिंगापूरला नव्याने येणाऱ्यांसाठी सल्ला. मजकूर थोडक्यात असा: गाडीविना राहणं एकट्या माणसाला ठीक आहे, टॅक्सीचा खर्च शेवटी गाडीएवढाच होतो, घरात मुलं किंवा म्हातारी माणसं असली की गाडी लागतेच, त्या उन्हापावसात चालणार कोण, ज्यांना परवडत नाही तेच मेट्रोचे गोडवे गातात, आणि गाडीविना वीकेंडला मलेशियाला कसे जाणार.

मी इथे अकरा वर्षं गाडीविना राहतोय, त्यातली आठ मुलासकट. म्हणून हा खटाटोप.

आधी पैसे, कारण मेसेजातली सगळ्यात मोठी थाप तिथेच आहे. सिंगापुरात नुसती गाडी विकत घेऊन भागत नाही, ती ठेवण्याचा परवानाही लिलावात घ्यावा लागतो. त्याला सगळे सीओई म्हणतात. १९९० पासून ही पद्धत आहे. लिलाव महिन्यातून दोनदा. २०१८ पासून खासगी गाड्यांची वाढ सरकारने शून्यावर आणून ठेवली आहे, त्यामुळे बहुतेक परवाने जुन्या गाड्या निघतील तसेच सुटतात. २०२३ मध्ये लहान गाडीच्या सीओईने १ लाख सिंगापूर डॉलर ओलांडले. भाव वर-खाली होतो, पण हिशोबाला सोपा म्हणून लाखच धरू. मुदत १० वर्षं. म्हणजे रोजचे २७ डॉलर, गाडी जागची हलली नाही तरी! यात गाडीची किंमत नाही, तिच्यावरचे कर नाहीत, विमा, पेट्रोल, पार्किंग, रस्त्यावरच्या कमानीखालून गेलं की कापला जाणारा ईआरपीचा टोल, काही काही नाही. मेट्रोचा लांबातला लांब प्रवास अडीच डॉलरच्या आसपास पडतो. टॅक्सी आणि गाडीचा खर्च सारखा व्हायला माणसाने रोज, रविवार धरून, टॅक्सीनेच फिरायला हवं, आणि तरी गाडीचे हप्ते बाजूलाच राहतात.

यावर एक मित्र म्हणाला, 'अरे, पण गाडी विकता येते.' येते. उरलेल्या मुदतीची किंमतही मिळते. वापरून झालेल्या दिवसांचे २७ मात्र गेले ते गेले. १० वर्षं भरली की गाडी रस्त्यावरून काढा, नाहीतर मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी भावाने परवान्याचे पैसे पुन्हा भरा. याला आपण 'स्वतःची गाडी' म्हणतो, ही गंमतच.

आता मुलं आणि म्हातारी माणसं. इथे मला मेसेज लिहिणाऱ्याचा राग येत नाही, कारण पहिलं मूल झालं तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. पण मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहे, आणि बसमध्ये बाबागाडी न मिटता नेता येते. आमचा मुलगा दोन वर्षांचा असताना आम्ही पुंगोलहून फॅरर पार्कला थेट मेट्रोने जायचो, कारण तिथल्या मुस्तफा या मोठ्या दुकानात सगळा किराणा एका जागी मिळतो. येताना बाबागाडीच्या हँडलला दोन पिशव्या, खालच्या जाळीत तांदूळ, आणि मुलगा माझ्या कडेवर. मुलापेक्षा तांदळाला जास्त आराम.

म्हाताऱ्यांचं म्हणाल तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींना बघा. सिग्नलच्या खांबावर एक यंत्र असतं, त्याला त्या आपलं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड लावतात आणि हिरवा माणूस काही सेकंद जास्त टिकतो. २००९ पासून ही सोय आहे. त्या अर्ध्या रस्त्यात असतात आणि आठ-दहा गाड्या मुकाट उभ्या. मला ते दृश्य फार आवडतं.

उन्हापावसाचा मुद्दा अर्धा खरा आहे. घामाला इलाज नाही. ऑफिसात एक जादा शर्ट ठेवणं हाच काय तो. पावसाचं मात्र सरकारने मनावर घेतलंय: इमारतीपासून बसस्टॉपपर्यंत, तिथून स्टेशनापर्यंत छत घातलेल्या वाटा आहेत. पहाटे सुमात्राकडून वादळी सर येते तेव्हा पाऊस तिरका पडतो आणि छताखालीही पँट गुडघ्यापर्यंत भिजते, हे सांगायला हवं. छत्री तरीही लागतेच.

'परवडत नाही म्हणून' या शेऱ्यावर जास्त शाई घालवत नाही. इथे तीन घरांमागे जवळपास दोन घरांत गाडी नाही. सगळेच कोल्हे आणि सगळ्यांनाच द्राक्षं आंबट, असं कसं होईल?

मेसेजवाल्याने खऱ्या अडचणी लिहिल्याच नाहीत, त्या मीच लिहितो. मध्यरात्रीच्या सुमारास मेट्रो थांबते. पूर्वी रातबस होती, ती कोविडच्या काळात बंद झाली ती झालीच. त्यानंतर टॅक्सी, आणि मीटरच्या रकमेवर तिच्या निम्मा अधिभार. रात्रपाळी असेल किंवा काम तुआसच्या कारखान्यांच्या पट्ट्यात असेल, तर माझा हिशोब तुम्हाला लागू नाही. मेट्रो बंदही पडते: सप्टेंबर २०२४ मध्ये ईस्ट-वेस्ट लाइनचा जुरोंग ईस्ट ते बुओना व्हिस्टा हा तुकडा सहा दिवस ठप्प होता. आणि लहान मूल असेल तर ॲपवरून खासगी गाडी मागवताना नीट बघा. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिथे योग्य ती सीट लागते. टॅक्सीला या नियमातून सूट आहे, म्हणून आम्ही टॅक्सीच बोलवायचो.

राहता राहिला मेसेजातला शेवटचा टोमणा: 'वीकेंडला मलेशियाला कसे जाणार?' बसने. दोन्ही इमिग्रेशनला सामानासकट उतरायचं, तपासणी करून पुन्हा चढायचं. कटकट आहे, नाकारत नाही. गाडीवाल्यांना सीमेवर टाकी पाऊण भरलेली दाखवावी लागते, म्हणजे पलीकडचं स्वस्त पेट्रोल कुणी रिकाम्या टाकीत भरून आणू नये. मागच्या लाँग वीकेंडला मलेशियाला जोडणाऱ्या कॉजवेवर आमची बस आणि एका मित्राची गाडी एकाच रांगेत, जवळजवळ शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्याने खिडकीतून हात केला. मी डुलकीतून उठून केला.