एकच भाग बदलायचा होता

माझ्या टेबलाखाली एक वर्कस्टेशन आहे. वर्कस्टेशन म्हणजे डेस्कटॉपच, पण अभियंते, व्हिडिओ संकलक, वास्तुरचनाकार अशा कामाच्या माणसांसाठी बनवलेला. साहजिकच तो माझ्याकडे आला तेव्हा म्हातारा झालेला होता. २०१० च्या सुमाराचा जन्म, इंटेलचा झिऑन (सर्व्हर आणि वर्कस्टेशनसाठीचा) प्रोसेसर, चार हार्ड डिस्कची जागा, आणि वजन असं की तो हलवण्यापेक्षा टेबल हलवणं सोपं.

या यंत्रात एकच मोठा दोष आहे, तो म्हणजे ते उघडतं. बाजूची खिटी ओढली की पत्रा हातात. पेचकससुद्धा लागत नाही. हल्लीच्या कित्येक यंत्रांत रॅम (चालू कामापुरती स्मृती) मुख्य बोर्डालाच डाग देऊन टाकलेली असते; तिथे माणूस निमूटपणे कामाला बसतो. इथे उघडता येतं म्हणून उघडलं जातं, आणि उघडलं की बदलण्यासारखं काहीतरी दिसतंच.

मला फक्त हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवायची होती. पण बोर्डावरचे सॅटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) दुसऱ्या पिढीचे, सेकंदाला ३०० मेगाबाइटच्या पुढे न जाणारे. एसएसडी त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने धावायला तयार. निम्म्या वेगावर समाधान मानणारी माणसं जगात असतात आणि ती वेळेवर झोपतात. मी पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटात (जादा कार्डं खोचायच्या खाचेत) बसणारं कार्ड शोधलं आणि त्यावर एनव्हीएमई (याहून वेगवान जातीच्या एसएसडीचा) ड्राइव्ह चढवला. स्लॉट जुना असला तरी चार लेन मिळून सेकंदाला दोन गिगाबाइटपर्यंतची वाट मोकळी. ड्राइव्ह बसला, ओळखला गेला, वेगही दिसला. फक्त त्यावरून यंत्र सुरू होईना. एनव्हीएमईचं पहिलं प्रमाण प्रसिद्ध झालं २०११ मध्ये, यंत्राला जागं करणारा बायोस त्याच्या आधीचा. हा पाहुणा कोण, हे त्याच्या गावीही नाही.

यावर उपाय असा की एका पेनड्राइव्हवर छोटा बूटलोडर, म्हणजे यंत्राला सुरुवात करून देणारा प्रोग्राम, ठेवायचा. यंत्र आधी पेनड्राइव्हकडे जातं, पेनड्राइव्ह त्याला एनव्हीएमईची ओळख करून देतो, मग गाडी पुढे सरकते. म्हणजे एवढा वेगवान ड्राइव्ह रोज सकाळी एका जुन्या पेनड्राइव्हची वाट बघत उभा असतो. (दफ्तरी कामाचा अनुभव असलेल्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही.)

मग रॅम. या बोर्डाला रॅमच्या पट्ट्या तीन-तीनच्या गटात आवडतात. त्यात ईसीसी, म्हणजे एखादा बिट चुकला तर स्वतःच दुरुस्त करणारी. त्यातही दोन जाती : रजिस्टर्ड आणि अनबफर्ड. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एका बोर्डावर एकत्र नांदत नाहीत. जुन्या पट्ट्या एका जातीच्या, आलेल्या नव्या दुसऱ्या. यंत्राने पडदा काळा ठेवून बीप द्यायला सुरुवात केली. कोणत्या बीपचा अर्थ काय, हे पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका पीडीएफमध्ये होती आणि पीडीएफ त्याच यंत्रात.

प्रोसेसरचा मोह मात्र रास्त होता. डेटा सेंटरवाले सर्व्हर मोडीत काढतात तेव्हा एके काळचे राजेशाही झिऑन कवडीमोलाने बाहेर पडतात. मी घेतला तो एक्स ५६९०. सहा कोअर, ३.४६ गिगाहर्ट्‌झ, १३० वॅट उष्णता. या जातीच्या प्रोसेसरला पिना नसतात. १,३६६ केसासारख्या पिना बोर्डावरच्या सॉकेटात असतात आणि एकही वाकली तर बोर्ड गेला. श्वास रोखून तो खाली ठेवला. प्रोसेसर आणि त्याला गार ठेवणारा हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट तांदळाएवढी लावावी की वाटाण्याएवढी, यावर जाणकारांत दोन संप्रदाय आहेत. मी मध्यममार्गी, त्यामुळे दोघांनाही अमान्य. हीटसिंक कर्णरेषेत थोडा-थोडा आवळला, यंत्र सुरू झालं, तापमान ठीक, सहाही कोअर हजर. ज्या सॉफ्टवेअरसाठी हे केलं ते उघडलं. ते म्हणालं, मला एव्हीएक्स लागतं.

एव्हीएक्स म्हणजे गणितासाठीच्या खास आज्ञांचा संच. माझा प्रोसेसर २०११ चा. त्याच वर्षी आलेल्या साध्या घरगुती कोअर प्रोसेसरांत एव्हीएक्स होतं. या सरदाराच्या घराण्यात नव्हतं.

ग्राफिक्स कार्डाचं थोडक्यात सांगतो. कार्डाला आठ पिनांची वीज हवी होती, पॉवर सप्लायकडे सहा पिनांच्या दोन तारा. प्रत्येकी ७५ वॅट, आठ पिनांची मर्यादा १५०. हिशेब जुळला, अडॅप्टर मिळाला. या सगळ्या प्रकरणात पहिल्या फटक्यात जुळलेलं एवढंच, म्हणून मी त्या अडॅप्टरकडे आजही आदराने बघतो.

भाचा म्हणाला, "मामा, तू नवीनच का घेत नाहीस?" आतापर्यंत याच्यात इतकं घातलंय की आता सोडता येत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून लिनक्स (विंडोजऐवजीची दुसरी प्रणाली) टाकलं, एवढंच सांगितलं. तो आदराने गप्प बसला. लिनक्स म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

सगळं जागेवर बसल्यावर एका सकाळी एकही संकेतस्थळ उघडेना. इंटरनेट चालू होतं. प्रत्येक ठिकाणी एकच तक्रार : (संकेतस्थळाची ओळख पटवणारं) प्रमाणपत्र अद्याप वैध नाही. कोपऱ्यातल्या घड्याळात तारीख होती १ जानेवारी २००९. यंत्राच्या मते ही सगळी प्रमाणपत्रं भविष्यकाळात दिली जाणार होती, आणि नियमाप्रमाणे त्याचं बरोबर होतं.

कारण सीआर २०३२, बोर्डावरचा तीन व्होल्टचा गोल सेल. यंत्राची वीज तुटली की घड्याळ त्याच्यावर चालतं आणि तो संपलेला होता. नवा सेल खणात तयार होता. पण त्याची जागा नेमकी ग्राफिक्स कार्डाच्या खाली. म्हणजे कार्ड काढायचं, त्यासाठी अडॅप्टर सोडवायचा, आणि कार्डाच्या मागची खिटी जिथे आहे तिथे आता एनव्हीएमईचं कार्ड.

भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत घड्याळ बरोबर चालतं, म्हणून मी बटणावर चिठ्ठी लावली : 'हे बंद करू नये.' बायको रात्री निजण्यापूर्वी सगळी बटणं बंद करते आणि चिठ्ठ्या वाचत नाही. सकाळी मी चहा घेऊन बसलो की ती आतून विचारते, "आज कितवं साल?"

"दोन हजार नऊ," मी सांगतो, आणि हाताने तारीख लावतो.