मल्टीमीटर धरलाय, साहेब

चेक इंजिनच्या पिवळ्या दिव्यावर मी लिहिलं, त्याखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली: ‘जुन्या एसयूव्हीत पी०१४१ कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदला, तरी दिवा राहिला तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) दाखवा, एवढं सांगून मोकळे झालात. आधी फ्यूज, वायरिंग, अर्थिंग, सायलेन्सरचं लीकेज कोण बघणार? आयुष्यात मल्टीमीटर हातात धरलाय का? परभणीत चालत असेल असं.’

साहेब, चूक असेल तर मान्य करायला मला लाज नाही. एक तर मीच सांगतो. अशा गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर दोन असतात, एक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या, पुढं आणि एक मागं. पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्ट असं सारखं वर-खाली होतं आणि मागच्याचं बऱ्यापैकी स्थिर राहतं. मी नेमकं उलट लिहिलं होतं. टायपिंगची गडबड, दुरुस्त केलीय. तुमच्या ती लक्षातही आली नाही, असो.

पण ‘मल्टीमीटर धरलाय का’ ही काय बोलायची पद्धत झाली? आमच्या वडिलांचं बॅटरी-डायनॅमोचं दुकान होतं. दहावीच्या सुट्टीत मी काट्याचा मीटर घेऊन जीपखाली असायचो. शॉक खाल्लेत, शिव्याही खाल्ल्यात.

आणि हे ऐकाच. माझी स्वतःची २००८ ची पेट्रोल गाडी, हाच कोड. पी०१४१ म्हणजे मागच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. साडेचार हजारांचा नवा सेन्सर बसवला, कोड पुसला, दोन दिवसांत दिवा परत हजर. मग भर मे महिन्यात गाडीखाली पाठ टेकली. सेन्सरचं सॉकेट काढलं, चावी ऑन केली, मीटर लावला. हीटरच्या दोन वायरींपैकी एकीवर बारा व्होल्ट यायला हवेत, दुसरी बाजू ईसीएमकडं. आले शून्य. फ्यूज शाबूत. वायर चाचपत पुढं गेलो तर गिअरबॉक्सच्या वर उंदरानं कुरतडलेली, आतलं तांबं हिरवं पडलेलं. गाडी कडब्याच्या गंजीशेजारी लावायचो, दुसरं काय होणार! वायर जोडली, सोल्डर मारलं, वर स्लीव्ह चढवली. दिवा गेला तो गेलाच. जुन्या सेन्सरचा हीटर नंतर मोजला, सहा ओहम. ठणठणीत. आता बोला, मीटर येतो की नाही मला?

‘मग वायर आधीच का नाही बघितली’ असं तुम्ही म्हणणार. म्हणा. लेख साध्या गाडीमालकासाठी होता, त्यानं काय गाडीखाली झोपायचं का?

लीकेजचं म्हणाल तर सेन्सरच्या अलीकडं पाइप फुटला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ईसीएमला वाटतं हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. हे शेंबडं पोरगंही सांगेल. एका लेखात किती कोंबायचं? अर्थिंगचं पुन्हा कधीतरी.

आणि परभणीला मधे ओढायचं कारण नव्हतं. जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आम्ही उगाच म्हणत नाही.

तो जुना सेन्सर अजून माझ्या खणात पडलाय, एकदम चांगला. हवा असेल तर येऊन घेऊन जा. मीटर मात्र तुमचा आणा.